नादाची साके आणि निशिनोमियाचे पाणी

जपानमध्ये रोक्को डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात, कोबे व निशिनोमिया शहरांच्या किनाऱ्याने, नादा हा मद्यशाळांचा पट्टा पसरला आहे. साके ही भट्टीवर गाळलेली दारू नव्हे. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ती पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचे मद्य करते.

सतराव्या शतकात या धंद्यात जवळच्या इतामीचा दबदबा होता. पुढच्या शतकात नादाने त्याला मागे टाकले. रोक्कोवरून उतरणाऱ्या ओढ्यांवर पाणचक्क्या बसल्या, आणि पायाने चालवायच्या उखळापेक्षा तांदूळ कितीतरी जास्त सडता येऊ लागला. दाण्याच्या बाहेरच्या थरातली प्रथिने आणि स्निग्धांश गेले की चव स्वच्छ होते. बंदर दाराशीच होते. जपानी सीडरच्या पिंपांत भरलेली साके खास जहाजांनी एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, जाई. कसब मात्र बाहेरचे. तांबा भागातले शेतकरी हिवाळ्यात रिकामे असत. ते मोसमभर मद्यशाळेत राहत आणि त्यांचा प्रमुख, तोजी, सगळ्यावर देखरेख ठेवी.

यामामुरा ताझाएमोन यांच्या निशिनोमिया आणि उओझाकी अशा दोन ठिकाणी मद्यशाळा होत्या. निशिनोमियाची साके नेहमीच सरस उतरे. तांदूळ बदलून पाहिला, माणसे बदलून पाहिली, फरक पडेना. शेवटी निशिनोमियाच्या विहिरीचे पाणी उओझाकीला नेले आणि 1840 मध्ये उत्तर सापडले. ‘मियामिझू’ म्हणून ओळखले जाणारे हे पाणी जपानच्या मानाने जड आहे. त्यात यीस्टला पोसणारे फॉस्फरस व पोटॅशियम भरपूर, तर साकेचा रंग आणि चव बिघडवणारे लोह जवळजवळ नाहीच. मग इतर मद्यशाळाही हे पाणी वाहून आणू लागल्या. नादाच्या कीर्तीत या विहिरींचाही मोठा वाटा आहे.

तांदळाची बाजू विसाव्या शतकात भक्कम झाली. ह्योगो प्रांताच्या कृषी केंद्रात 1923 साली केलेल्या संकरातून आलेल्या वाणाला 1936 मध्ये ‘यामादा निशिकी’ नाव मिळाले. याचा दाणा मोठा आणि पोटात पांढरा असतो, आणि खोलवर सडूनही तो सहसा फुटत नाही. उंची ‘दाइगिंजो’ साकेसाठी दाण्याचा निम्मा किंवा त्याहून कमी भागच उरवतात.

17 जानेवारी 1995 च्या भूकंपात नादाच्या अनेक जुन्या लाकडी मद्यशाळा कोसळल्या. काही पुन्हा उभ्या राहिल्या, काहींचा धंदा कायमचा बंद पडला. मियामिझूच्या विहिरी मात्र आजही निशिनोमियात आहेत, आणि मोठ्या मद्यशाळा त्या राखून आहेत.