मुरलेली गादी

‘गादी पद्धत’ हा आपल्याकडच्या कुक्कुटपालकाच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. शेडच्या जमिनीवर भाताचं तूस, लाकडाचा भुसा किंवा शेंगांची टरफलं अंथरायची आणि त्यावर पक्षी सोडायचे. ही गादी नावारूपाला आली ती मात्र बर्फ पडणाऱ्या मुलखात, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या भागातल्या शेतकऱ्याचा थंडीवरचा ठरलेला उपाय म्हणजे खुराडं बंदिस्त करणं. दुहेरी फळ्यांची भिंत, मधल्या पोकळीत भुसा, फटी बुजवलेल्या. वारा थांबे, पण कोंबड्यांच्या श्वासातली आणि विष्ठेतली वाफही आतच कोंडली जाई. रात्री ती गार भिंतींवर आणि छताखाली जमे, सगळं खुराडं दमट होई आणि त्या ओलीत तुरे गोठून काळे पडत. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. पिसं फुलवून ती कोरडी थंडी बऱ्यापैकी निभावते. तिला सोसत नाही ती ओल. प्रिन्स वुड्स नावाच्या डॉक्टरांनी १९२४ साली मोकळ्या हवेच्या खुराड्यांवर पुस्तकच लिहिलं. तीन बाजू घट्ट बंद आणि दक्षिणेची बाजू नुसती जाळीची, ही त्यांची रचना. थंड प्रदेशात असं सांगायला धाडस लागतं.

पण ओल जाळीतून बाहेर पडे, आणि भिंतींचं कोडं असं सुटलं. जमिनीचं राहिलं होतं. स्वच्छता म्हणून दर थोड्या दिवसांनी खालचा भुसा काढून नवा घालायची रीत होती. ओहायोतल्या वूस्टरच्या कृषी संशोधन केंद्रात केनार्ड आणि चेंबरलिन या संशोधकांनी १९४० च्या दशकात ती मोडली. जुना भुसा तसाच ठेवायचा, वर नवा थर चढवायचा, अधूनमधून चुना मिसळायचा. भुसा सतत बदलला जात होता तेव्हा पिल्लांची मरतूक सरासरी १९ टक्के होती. त्याच जुन्या गादीवर एकामागून एक ११ बॅच वाढवल्या, तेव्हा ती ७ टक्क्यांवर आली. रक्ती हगवणीचा त्रासही जाणवेनासा झाला. आणखी नवल म्हणजे, निव्वळ वनस्पतिजन्य खाद्य मिळणाऱ्या कोंबड्याही या गादीवर धडधाकट राहिल्या. १९४८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्व वेगळं काढता आलं आणि उलगडा झाला: गादीतले जिवाणू ते तयार करत होते, कोंबड्या उकरून टिपत होत्या.

ऊब येते ती दोन वाटांनी. तुसात अडकलेली हवा जमिनीचा गारठा वर चढू देत नाही आणि खालच्या थरात कुजण्याची थोडी उष्णता निर्माण होते. ही शेगडी नव्हे, पण पाय गारठत नाहीत. गादी नीट आहे का हे मुठीत कळतं. मूठभर घेऊन दाबायची. मूठ उघडल्यावर भुगा सुटला तर ठीक. गोळा तसाच राहिला तर पाणी जास्त झालंय, कोरडं तूस मिसळून खालीवर करायला हवं.

शेळी कोंबडीसारखी उकरत नाही, त्यामुळे तिच्या गोठ्यात रोज कोरडं काड वर पसरत राहायचं. मूत खाली झिरपतं, लेंड्या मुळातच कोरड्या. वसंतात सगळा थर दाताळ्याने उपसायचा. भिंतींना काड किंवा थर्मोकोल लावून ऊब द्यायची तर जपून, जनावरं ते खातात. अमेरिकेतल्या नेब्रास्कात काडाच्या गठ्ठ्यांची घरं बांधायची रीत पडली, तिथली एक बिनगिलाव्याची शाळा गाईंनी खाऊन टाकल्याची हकिगत सांगतात. शेळ्या तर त्याहून चौकस. कोंबड्याही थर्मोकोल टोचून टोचून पोखरतात. म्हणून तोंड पोचेल तिथवर फळी किंवा पत्रा ठोकलेला बरा.

आपल्या ब्रॉयलर शेडमध्ये दोन-तीन इंच तूस पसरतात आणि बॅच निघाली की कोंबडखत म्हणून उचलतात. त्यामुळे गादी मुरतच नाही, याची मला हळहळ वाटते. घरच्या दहा-वीस कोंबड्यांसाठी तरी ती हिवाळाभर राखावी. निफाडकडे पारा घसरला की शेडचे पडदे वरपासून खालपर्यंत बांधून टाकायचा मोह होतो. तिथे वरची फूटभर जागा उघडीच ठेवावी. पहाटे आत जाऊन पक्ष्यांच्या उंचीला वाकून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर आधी पडदा आणखी खाली करायचा, मग गादी हलवायची.