आईच्या रक्तातले लेकरू

आईचे रक्त लेकरात उतरते, असे आपण सहज म्हणून जातो. पण लेकराचेही काही आईच्या रक्तात उतरते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या शोधाचा इतिहास मला मोठा मनोरंजक वाटतो, आणि थोडा अस्वस्थ करणाराही.

त्याचा आरंभ मृत्यूपासून झाला. १८९३ मध्ये गेओर्ग श्मोर्ल या जर्मन वैद्याने गरोदरपणी आकडी येऊन दगावलेल्या स्त्रियांची फुप्फुसे तपासली, तो त्यांत वारेच्या पेशी! वार गर्भाशयात, रक्ताच्या वाटेनेच त्या तेथवर आल्या असणार.

पाऊणशे वर्षांनी, १९६९ साली, अमेरिकेतील संशोधकांना गरोदर स्त्रियांच्या रक्तात 'वाय' गुणसूत्राच्या पेशी आढळल्या. हे गुणसूत्र पुरुषाचे. तेव्हा पेशी पोटातल्या मुलाच्याच. १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लेनर्ड हर्झेनबर्ग व त्यांचे सहकारी यांनी अशा पेशी यंत्राने निवडून काढल्या. हेतू चांगलाच होता. गर्भाचा दोष ओळखण्यासाठी पोटात सुई घालावी लागे आणि त्यात क्वचित गर्भ पडे; दंडाच्या रक्तावर भागले तर किती बरे!

परंतु मिलिलिटरभर रक्तात अशी पेशी जेमतेम एखादी. अमेरिकेतील मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २००२ मध्ये आला. पोटी मुलगा असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ४१ जणींच्याच रक्तात त्याच्या पेशी ओळखता आल्या होत्या. तोवर १९९७ मध्ये डेनिस लो यांनी रक्तद्रवात गर्भाचा सुटा डीएनए दाखविला होता. आजच्या रक्तचाचण्या मुख्यतः त्याच वाटेने आल्या.

आता वाचक विचारतील, खूण म्हणून 'वाय'च का? ते आईपाशी नसते, म्हणून चटकन ओळखू येते. प्रयोगशाळेत ही निव्वळ सोय; आपल्याकडे मात्र 'मुलगा की मुलगी' हा प्रश्न मुलीच्या जिवावर बेतला. म्हणूनच महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वप्रथम, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९६ मध्ये डायना बियांची यांना बाळंतपणानंतर २७ वर्षांनीही एका मातेच्या रक्तात मुलाच्या पेशी सापडल्या. लेकीच्या पेशीही आईपाशी अशाच राहतात. त्यांच्यावर 'वाय'ची खूण नसते, म्हणून त्या शोधणे अवघड, इतकेच.