तळटीप १२ : ‘वकिलाची फी सरकारने भरली’

१२. हे वाक्य वाचून सरकारने औदार्य दाखवले असा समज होऊ नये. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीने अपंगत्वाचा भत्ता नाकारला आणि अर्जदार फेडरल कोर्टात जिंकला, तर १९८० च्या ‘इक्वल अ‍ॅक्सेस टू जस्टिस अ‍ॅक्ट’नुसार तो वकिलाची फी सरकारकडे मागू शकतो. कोर्टाने निर्णय रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत धाडले, तरी तो विजयच धरतात. मात्र आपली भूमिका वाजवी आधारावर होती हे सरकारने दाखवले, तर फी मिळत नाही. निकाल अंतिम झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. कायद्यातला दर तासाला १२५ डॉलर. महागाईनुसार तो वाढवून मिळतो.

याखेरीज थकीत भत्त्यातून जास्तीत जास्त २५ टक्के फी कोर्ट वकिलाला देऊ शकते. हा पैसा अर्थात अर्जदाराच्याच ताटातला. एकाच कामासाठी दोन्हीकडून फी मिळाली, तर त्यांतली लहान रक्कम वकिलाने अशिलाला परत करायची असते. या साऱ्या व्यवस्थेतली ही सर्वांत माणुसकीची तरतूद, असे मला वाटते.

२०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवले की सरकारने दिलेली फी वकिलाची नव्हे, अशिलाची. म्हणून अशिलाकडे सरकारी देणे असेल तर ते त्यातून वळते होते. यामुळे गरजूंना वकील मिळणे अवघड होईल, ही चिंता न्या. सोनिया सोटोमायोर यांनी निकालाशी सहमत होतानाच स्वतंत्रपणे नोंदवली आहे.
— संपादक