सेलमनंतरची कबुली

सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत स्थिरावलेल्या प्युरिटनांनी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये उरलेले कॅथलिक विधी काढून ते शुद्ध करू पाहणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांनी, पाद्र्यापाशी खासगीत पाप सांगून त्याच्याकडून क्षमा मिळवण्याची प्रथा नाकारली होती. मात्र अपराध चारचौघांत उघड झालेला असेल, तर त्याची कबुलीही मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या भरसभेत, द्यावी लागे. एरवी व्यभिचारी आणि मद्यपी यांच्या वाट्याला येणाऱ्या या रिवाजाची खरी कसोटी न्यायाधीशांच्याच हातून प्रमाद घडला तेव्हा लागली.

१६९२ मध्ये सेलम येथे चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी देण्यात आली. या खटल्यांत आरोपीचे छायारूप आपल्याला छळते, ही फिर्यादीची साक्ष पुरावा म्हणून मान्य झाली होती आणि ती पडताळून पाहणे दुसऱ्या कोणाला शक्यच नव्हते. त्याहून विपरीत असे की, चेटूक केल्याची खोटी कबुली देऊन तिच्यावर ठाम राहिलेल्यांपैकी एकालाही फाशी झाली नाही आणि न केलेले पाप पदरी घेण्यास नकार देणारी, सत्तरी ओलांडलेली धर्मनिष्ठ रिबेका नर्स मात्र फासावर गेली.

पुढे वसाहतीच्या शासनाने १४ जानेवारी १६९७ हा सार्वजनिक उपवासाचा आणि पश्चात्तापाचा दिवस ठरवला. त्या दिवशी खटल्यांतील एक न्यायाधीश सॅम्युएल सेवॉल याने बॉस्टनच्या चर्चमध्ये जवळून जाणाऱ्या सॅम्युएल विलर्ड या पाळकाच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मोपदेशकाच्या, हाती एक चिठ्ठी दिली, ती वाचली जात असताना तो आपल्या जागी उभा राहिला आणि वाचन संपताच त्याने मान लवविली. अपराधाचा दोष आणि त्याची लाज आपण स्वीकारतो, असे तीत नमूद होते. कुटुंबावर कोसळलेल्या आघातांत, ज्यांत लहानग्या मुलीचा अलीकडचा मृत्यूही होता, त्याला देवाचा कोप दिसत होता, तेव्हा या कबुलीत भीतीचा अंश होताच. पण तेवढ्याने तिचे मोल कमी होत नाही, कारण दोष दुसऱ्या कोणावर ढकलण्याची वाट त्याने धरली नाही.

बारा ज्युरींनीही लेखी क्षमा मागितली, परंतु अंधकाराच्या शक्तींचा फसवेपणा आपल्याला उमगला नाही, ही सबब जोडून. बारा वर्षांची असताना अनेकांवर आरोप करणाऱ्या ॲन पटनमने १७०६ मध्ये मंडळीची सभासद होताना, रिबेका नर्सचा नावाने उल्लेख करून, उभे राहून आपली कबुली वाचू दिली. तथापि आपण सैतानाच्या भुलीला बळी पडलो, असे तिने म्हटल्यामुळे ही कबुली सेवॉलच्या तुलनेत अर्धीच ठरते. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन याने तर अशी चिठ्ठी कधीच दिली नाही आणि १७०१ मध्ये तो मरण पावला तेव्हा प्रांताच्या हंगामी गव्हर्नरपदावर होता.