गावठाणातले प्लेगचे क्रूस

मुंबईत वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंतच्या जुन्या गावठाणांत वळणावळणावर क्रूस भेटतो. पांढरा चौथरा, झेंडूची माळ, खाली कोरलेलं साल. ते साल पुष्कळदा 1896च्या आगेमागचं निघतं, कारण यांतले कितीतरी क्रूस प्लेगने उभे केले आहेत.

साष्टीत, म्हणजे या उपनगरांच्या बेटावर, क्रूस त्याआधीच आला होता, पोर्तुगीज सत्तेबरोबर. कसोटी लागली ती सत्ता गेल्यावर. 1737 साली मराठ्यांनी साष्टी घेतली, 1739 साली वसई पडली. युरोपीय पाद्री निघून गेले, बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरचं चर्च ओस पडलं. मागे राहिली मराठी बोलणारी शेतकरी, कोळी, भंडारी ख्रिस्ती कुटुंबं आणि थोडे देशी पाद्री. त्यांनी धर्म सोडला नाही. 1760 साली साष्टीत फिरलेल्या आंकेतिल द्यु पेरों या फ्रेंच प्रवाशाने ठाण्यात ख्रिस्ती सण उघडपणे साजरा होताना पाहिला.

साथीचा तडाखा प्लेगच्याही आधी बसला होता. अंधेरीच्या कोंडिवट्यात 1579चं चर्च होतं. 1840 साली साथ आली आणि गाव मरोळला हललं. जाताना लोकांनी बाप्तिस्म्याचं कुंडही नेलं. जुन्या चर्चच्या भिंती आज सीप्झ या निर्यात-उद्योग क्षेत्राच्या आवारात आहेत.

मग प्लेग. सप्टेंबर 1896मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी तो ओळखला. हाफकिन या शास्त्रज्ञाची लस 1897 साली आली, पण ती रोग टाळण्यासाठी होती; गाठ आलेल्या माणसासाठी खात्रीचं औषध नव्हतं. सरकारी घरझडत्या सुरू झाल्या, आजारी माणसाला उचलून नेऊ लागले, लाखो लोक शहर सोडून पळाले. उपनगरांतल्या ख्रिस्ती वाड्यांनी तेव्हा दारापुढे, नाक्यावर क्रूस उभारले. कुणी आमचं रक्षण कर म्हणून, कुणी वाचलो म्हणून. क्रुसापुढची लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, म्हणायला पाद्रीच हवा असं नाही. वाडीतली जाणती बाई सुरुवात करते, बाकीचे साथ देतात.

क्रूस उभारल्याने प्लेग थांबला नाही. पुढची वीसेक वर्षं तो मुंबईत फिरून फिरून येत राहिला. तरी त्याच क्रुसापुढे मेणबत्त्या लागत राहिल्या, आणि मला या इतिहासात सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. ज्यांच्या प्रार्थनेला हवं ते उत्तर मिळालं नाही, त्यांनीही देवाशी बोलणं थांबवलं नाही. मे महिन्यात अनेक गावठाणांत अजून क्रुसापुढे लदीन होते, नंतर उकडलेले चणे वाटतात.

एप्रिल 2017मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरचा शंभरहून अधिक वर्षांचा क्रूस महापालिकेने अनधिकृत म्हणून पाडला. म्हणून तुमच्या गल्लीत असा क्रूस असेल, तर त्याखालचं साल आणि नाव आजच टिपून ठेवा, फोटो काढा, वाडीतल्या म्हाताऱ्यांना तो कुणी उभारला ते विचारा. महापालिकेची नोटीस आल्यावर हाच पुरावा उपयोगी पडेल.