कणगीतला पाला

* ‘कणगीत पाला घालतात’ : पालघर, डहाणू, जव्हारकडील आदिवासी घरांत भात शेणामातीने लिंपलेल्या बांबूच्या कणगीत साठवतात आणि त्यात कडुनिंबाचा, करंजाचा किंवा निरगुडीचा पाला घालतात. लेखकाने सगळे श्रेय पाल्याच्या वासाला दिले आहे. ते अर्धेच खरे. निरगुडीचे उडून जाणारे तेल सोंडकिड्याला दूर ठेवते. कडुनिंबाची तऱ्हा वेगळी : त्यातले ॲझाडिरॅक्टिन किडीचे खाणे तोडते आणि अळीला नीट कात टाकू देत नाही. हे द्रव्य पाल्यापेक्षा निंबोळीच्या बीतल्या गरात कितीतरी अधिक असते आणि उन्हाने लवकर नासते, म्हणून पाला सावलीतच वाळवावा. ओला घातला तर दाण्याला बुरशी धरते. मग किडीची गरजच उरत नाही!

वाल-तुरीला मात्र पाला पुरत नाही. भुंगेरा दाण्यावरच अंडी चिकटवतो. एरंडेल चोळले की ती गुदमरतात. चुलीची राख किडीच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते आणि ती सुकून मरते. नागलीला यातले फारसे काही लागत नाही, तिच्या बारीक दाण्यात किडीला घर करायला जागा नसते.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांभोवतीच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात कणगी मावणार नाही. तिथे वाळला पाला डब्यात घातला तरी चालतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी राहत्या घरातल्या धान्यात कधीही ठेवू नये. तिच्यातून सुटणारा फॉस्फिन वायू माणसालाही मारतो. —संपा.