पृष्ठभागाचा हिशेब : लेडनच्या बरणीपासून लवचीक सुपरकपॅसिटरपर्यंत

छताचा पंखा घरघर करीत जागीच थांबला, की आपल्याकडचा वायरमन शिडीवर न चढताच सांगून टाकतो, "कंडेन्सर गेला." पाठ्यपुस्तकात 'कपॅसिटर' आला, मराठी परिभाषेने त्याला 'धारित्र' असे नाव दिले, तरी बेळगाव काय आणि इंदूर काय, दुकानात अजून कंडेन्सरच मागतात. हा शब्द अडाणीपणाचा नाही. १७८२ मध्ये व्होल्टाने तो रूढ केला. त्या काळी विजेला एक प्रकारचे द्रव्य समजत, आणि ते द्रव्य दाटवून ठेवणारे साधन म्हणून हे नाव. पुढे शास्त्रज्ञांनी नाव बदलले, वायरमनने जुने जपले.

आज मी ज्याबद्दल बोलणार आहे तो या कंडेन्सरचा नातू. त्याचे नाव सुपरकपॅसिटर. त्यातही कागदासारखा वाकणारा, कापडात शिवता येईल असा लवचीक प्रकार आणि त्यासाठी लागणारी नॅनोपदार्थांची संमिश्र इलेक्ट्रोडे, हा गेल्या वीस वर्षांतला फार गाजलेला विषय. गाजण्याचे कारण आणि त्या गाजण्यात दडलेला हिशेबाचा घोळ, दोन्ही समजून घ्यायचे तर सुरुवात थोडी मागून करावी लागते.

१७४५ च्या ऑक्टोबरात पोमेरेनियातल्या फॉन क्लाइस्टने आणि पाठोपाठ हॉलंडमधल्या लेडन येथे मुशेनब्रुकने पाण्याने भरलेल्या काचेच्या बाटलीत वीज साठवली. मुशेनब्रुकला असा जबर झटका बसला की, हा प्रयोग पुन्हा करण्याची आपली मुळीच तयारी नाही असे त्याने पॅरिसला कळवले. साधन हाती आले, पण वीज बसते कुठे हे दोघांनाही ठाऊक नव्हते. पाण्यात असावी, असेच सर्वांना वाटे. बेंजामिन फ्रँकलिनने बाटलीतले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून पाहिले. त्या पाण्यात काही नव्हते. रिकाम्या बाटलीत नवे पाणी घातले, तर झटका जसाच्या तसा. तेव्हा त्याने निष्कर्ष काढला की किमया पाण्याची नसून काचेची आहे. पुढे नियम स्पष्ट झाला. समोरासमोरचे पृष्ठभाग जितके मोठे आणि मधला पडदा जितका पातळ, तितका साठा अधिक. या विषयाचा पुढचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो.

पडदा किती पातळ करता येईल? याचे उत्तर हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झच्या १८५३ च्या लेखात आहे. धातूचा तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवला आणि त्याला भार दिला, की पाण्यातले विरुद्ध भाराचे आयन त्याच्या अंगाला येऊन चिकटल्यासारखे उभे राहतात. धातूतला भार एका बाजूला, आयन दुसऱ्या बाजूला, असा दुहेरी थर तयार होतो. दोहोंतले अंतर नॅनोमीटरच्याही आतले. लेडनच्या बरणीची काच मिलिमीटरभर जाड धरली, तर हा पडदा तिच्या दहा लाखाव्या हिश्शाहून पातळ झाला, आणि तो कोणी घडवलेला नाही, आपोआप मांडला जातो. गुई, चॅपमन आणि स्टर्न यांनी १९१० ते १९२४ या काळात या थराचे गणित सुधारले. पण विद्युतरसायनाच्या अभ्यासकांना तो मोजण्याचा विषय वाटे. त्यात वीज साठवून ती विकावी, हे काम एका कारखान्याने केले.

तो कारखाना जनरल इलेक्ट्रिक. तिथल्या हॉवर्ड बेकरने सच्छिद्र कार्बनची इलेक्ट्रोडे वापरून एक धारित्र बनवले आणि त्याला १९५७ मध्ये पेटंट मिळाले. त्या पेटंटात त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे की, आत नेमके काय घडते ते माहीत नाही, पण धारकता विलक्षण मोठी मिळते. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. आजच्या पेटंट-वकिलाने ते वाक्य खोडले असते. पुढे ओहायोच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीत, म्हणजे 'सोहायो'त, रॉबर्ट राइटमायरला याच प्रकारच्या साधनाचे पेटंट १९६६ मध्ये मिळाले. यात दुहेरी थराचे स्पष्टीकरण बरोबर बसले. तेल विकणाऱ्या कंपनीला मात्र त्याचे काय करावे ते उमगले नाही. तिने हक्क जपानच्या एनईसीला दिले, आणि १९७८ मध्ये एनईसीने 'सुपरकपॅसिटर' या नावाने ते बाजारात आणले. काम अगदी साधे होते. वीज गेली तर संगणकाच्या स्मृतीला तेवढ्यापुरता आधार द्यायचा.

कार्बनच का? कारण तो स्वस्त आहे, वीज वाहतो आणि त्याला बेसुमार पृष्ठभाग आहे. नारळाची करवंटी जाळून तिचा कोळसा वाफेने 'सक्रिय' केला, की त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅम कोळशाचा पृष्ठभाग हजार ते दोन हजार चौरस मीटर भरतो. आपल्या मोजमापात दहा ते वीस गुंठे जमीन, चिमूटभर भुकटीत! कोकणात आणि गोव्यात चुलीत जाणारी करवंटी या धंद्यातला आजही एक प्रमुख कच्चा माल आहे.

एवढा पृष्ठभाग असूनही बॅटरीशी तुलना केली, की सुपरकपॅसिटर गरीब ठरतो. किलोमागे त्यात साधारण पाच ते दहा वॅट-तास ऊर्जा मावते. लिथियम-आयन बॅटरीत दीडशे ते अडीचशे. कारण उघड आहे. बॅटरी पदार्थाच्या पोटात साठवते, हा फक्त कातडीवर. पण त्यामुळेच तो काही सेकंदांत भरतो, तितक्याच झटकन रिकामा होतो आणि लाखो वेळा भरला-सांडला तरी थकत नाही. शांघायमध्ये २००६ पासून थांब्याथांब्यावर वीज भरून घेणाऱ्या बसगाड्या धावल्या, त्या याच गुणावर.

कातडी न सोडता थोडे आत शिरता येईल का, हा पुढचा प्रश्न. १९७१ मध्ये इटलीत त्रासात्ती आणि बुझान्का यांनी दाखवले की रुथेनियमच्या ऑक्साइडचे वागणे धारित्रासारखे आहे, जरी आत रासायनिक देवघेव चालू असली तरी. कॅनडात ओटावा विद्यापीठातल्या ब्रायन कॉनवेने १९७५ पासून या पदार्थावर काम करून 'आभासी धारकता' ही कल्पना पक्की केली. १९९५ मध्ये अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेतल्या झेंग आणि सहकाऱ्यांनी पाणी धरून ठेवणाऱ्या रुथेनियम ऑक्साइडमधून ग्रॅममागे ७२० फॅरड मिळवले. कोळशाला शे-दोनशे मिळतात. पण रुथेनियम हा प्लॅटिनमच्या घराण्यातला. त्याचे भाव ऐकूनच माणूस मागे फिरतो.

१९९९ मध्ये ली आणि जॉन गुडइनफ यांनी स्वस्त पर्याय पुढे आणला, मँगनीज डायऑक्साइड. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून निघणारे हे खनिज टॉर्चच्या सेलसाठी वापरले जाते, म्हणजे पदार्थ घरचाच. अर्थात खाणीतला दगड जसाच्या तसा इथे चालत नाही, तो प्रयोगशाळेत नव्याने घडवावा लागतो. त्याची खोड अशी की त्यातून वीज नीट वाहत नाही. काही नॅनोमीटरचा थर दिला तर उत्तम साठवतो. थर जाड केला की खालचा माल नुसता बसून राहतो. शिवाय तो ठिसूळ. तिसरा उमेदवार पॉलिॲनिलीन, वीज वाहणारे प्लास्टिक. १८६० च्या दशकात लँकशायरमध्ये सुती कापडावर 'ॲनिलीन ब्लॅक' हा पक्का काळा रंग छापू लागले होते, तो याच कुळातला. हे प्लास्टिक वाकते आणि साठवतेही, पण प्रत्येक भरणीबरोबर फुगते, आकसते आणि काही हजार फेऱ्यांत भेगाळते.

'संमिश्र इलेक्ट्रोड' या जड नावामागची गोष्ट एवढीच आहे. कार्बन वीज वाहतो, पण साठवतो बेताचे. ऑक्साइड भरपूर साठवते, पण वाहत नाही आणि वाकवले तर तडकते. प्लास्टिक वाकते, पण टिकत नाही. तिघांना एकत्र नांदवायचे, तर कार्बनचा सांगाडा इतका बारीक आणि विणलेला हवा की त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा लेप बसेल आणि वाकवताना तो तुटणार नाही.

असा सांगाडा मिळाला तोही एनईसीकडूनच. १९९१ मध्ये तिथल्या सुमिओ इइजिमाने कार्बनच्या नॅनोनळ्यांचे स्पष्ट चित्रण प्रसिद्ध केले. त्या वेळी त्याच प्रयोगशाळेत पुलिकेल अजयन हा तरुण काम करीत होता. तो मूळचा केरळातल्या कोडुंगल्लूरचा, बनारस हिंदू विद्यापीठातून धातुशास्त्र शिकलेला. १९९२ मध्ये एबेसन आणि अजयन यांनी या नळ्या भरपूर प्रमाणात बनवण्याची रीत दिली. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सलेअर संस्थेत २००७ मध्ये अजयन, पुष्पराज, लिनहार्ट आणि सहकाऱ्यांनी जे केले, ते लवचीक साठ्याच्या इतिहासातले मला सर्वांत देखणे काम वाटते. त्यांनी उभ्या नळ्यांचे रान वाढवले, सेल्युलोज एका द्रवरूप क्षारात विरघळवून त्या रानात ओतले आणि सुकवून सोलून काढले. हाती आला काळा कागद. नळ्या झाल्या इलेक्ट्रोड, सेल्युलोज झाले मधला पडदा आणि तोच द्रवरूप क्षार आयन पुरवणारा. लेडनच्या बरणीत काच, पाणी आणि धातू वेगवेगळे होते, इथे तिन्ही एका पानात. तो कागद गुंडाळता येई, कात्रीने कापता येई. घाम किंवा रक्तही त्यात विद्राव म्हणून चालते, हेही त्यांनी दाखवले.

त्यानंतर स्टॅनफर्डच्या यी क्वी यांच्या गटाने २००९ मध्ये साध्या कागदावर नॅनोनळ्यांची शाई फासली आणि २०१० मध्ये सुती कापड त्याच शाईत बुडवून वाळवले. रंगाऱ्याचीच रीत. त्या कापडावर मग मँगनीज ऑक्साइड चढवता येई. सांडणाऱ्या द्रवाऐवजी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची आम्ल मुरवलेली जेली आली. यंत्रमागाच्या ताण्याला खळ देण्यासाठी वापरतात, तोच हा पदार्थ. मधल्या काळात ग्राफीन (ग्रॅममागे हिशेबाने सव्वीस गुंठे, पण पाने पुन्हा एकमेकांना चिकटतात) आणि २०११ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातून मॅक्सीन हे नवे पदार्थ आले.

या शोधमालिकेत आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा वाटा खरा आहे. शिवाजी विद्यापीठातले प्रा. सी. डी. लोखंडे यांच्या गटाने पातळ थर चढवण्याच्या रासायनिक पद्धती वर्षानुवर्षे घोटल्या. त्यातली एक फ्रान्समध्ये निकोलाऊने १९८५ मध्ये मांडलेली. पट्टी एका चंचुपात्रात बुडवायची, पाण्यात खळबळायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा खळबळायची. दर फेरीला थर किंचित वाढतो. महागडी निर्वात यंत्रे लागत नाहीत, भट्टी लागत नाही. २००४ मध्ये पठाण आणि लोखंडे यांनी या पद्धतीचा घेतलेला आढावा जगभरच्या अभ्यासकांनी वापरला. पोलादाच्या पातळ, वाकणाऱ्या पट्टीवर मँगनीज ऑक्साइडचे थर देऊन, मध्ये जेली घालून केलेली साधनेही या गटाने प्रसिद्ध केली. ज्या देशात एका यंत्राची किंमत एका विभागाच्या अनुदानाहून मोठी असते, तिथे चार चंचुपात्रांची पद्धत निवडणे ही नुसती काटकसर नव्हे. कारखान्याला जी रीत परवडेल तिच्यापासूनच सुरुवात करणे, असेही ते आहे.

आता घोळाची गोष्ट. २०११ च्या नोव्हेंबरात 'सायन्स' या नियतकालिकात यूरी गोगोत्सी आणि पात्रिस सिमाँ या दोघांनी एक छोटा लेख लिहिला. हे दोघे या क्षेत्राचे टीकाकार नव्हेत, अग्रणी. त्यांचे म्हणणे असे की 'ग्रॅममागे इतके फॅरड' हा आकडा दिशाभूल करू शकतो. हिशेब आपणच मांडून पाहू. एका चौरस सेंटिमीटरवर ०.१ मिलिग्रॅम नॅनोपदार्थ बसवला आणि त्याने ग्रॅममागे हजार फॅरड दिले, तर त्या चौरस सेंटिमीटरला मिळाले ०.१ फॅरड. बाजारातल्या साध्या साधनात तेवढ्याच जागेत सुमारे १० मिलिग्रॅम कोळसा असतो. तो ग्रॅममागे शंभरच देतो, तरी होतो १ फॅरड. मथळ्यातला विक्रमवीर करवंटीच्या कोळशाकडून दहापट हरला. शिवाय खालची पोलादी पट्टी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी जाड असली, तरी चौरस सेंटिमीटरला चाळीस मिलिग्रॅम भरते. म्हणजे स्वाराच्या चारशेपट वजन घोड्याचे. थर जाड करावा, तर वर सांगितलेली खोड आडवी येते.

म्हणून मी असे शोधनिबंध वाचताना पहिला आकडा वाचत नाही. माल किती जाड बसवला, पूर्ण साधनाचे वजन काय, किती वेळा आणि किती त्रिज्येत वाकवले, हे आधी पाहतो. ते दिलेच नसेल, तर पुढे वाचण्याचे कष्ट घेत नाही. कोल्हापूर असो, केरळ असो की कॅलिफोर्निया, ही चाळणी सर्वांना सारखीच लागते, आणि तिच्यातून पार होणारे काम थोडे असले तरी आहे. अजयन यांचा कागद तिच्यातून बराचसा पार होतो, कारण त्यात वेगळी पट्टीच नाही.

२०२४ मध्ये केरळच्या सरकारी केल्ट्रॉन कंपनीने कण्णूरला सुपरकपॅसिटरचे उत्पादन सुरू केले. त्यामागे इस्रोच्या प्रयोगशाळेचे तंत्र आहे. तिथून बाहेर पडणारा माल वाकणारा नाही. बेकर आणि राइटमायर यांच्या वाटेने आलेला, सच्छिद्र कार्बनचाच आहे.